कागद नाही, म्हणजे हक्कही नाही? : महजरापासून जात पडताळणीपर्यंत

रुमाल (धागाकर्ता)

गेली काही वर्षे मी हौसेने मोडी कागद वाचतो, आणि जितके वाचले तितके एक मत पक्के होत गेले. जुना दस्तऐवज समाजाचे निव्वळ वर्णन करत नाही, तो समाजाला आकार देतो. आणि आपल्या प्रांतापुरते बोलायचे तर त्याने एकंदरीत दुबळ्याच्या बाजूनेच अधिक काम केले आहे. या दुसऱ्या विधानावर वाद होईल याची कल्पना आहे, म्हणूनच ते मांडतो.

शिवकालातील आणि पेशवाईतील वतनाचे तंटे पाहा. पाटीलकीवर दोघांनी हक्क सांगितला, की गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची आणि वतनदारांची न्यायसभा बसे, दोन्ही बाजूंच्या तकरिरी (जबान्या) लिहून घेतल्या जात, शेजारच्या गावांचे पाटील, शेटे, बलुतेदार साक्ष देत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांच्या निशाण्यांसह निर्णयपत्र तयार होई. पाटलाने त्यावर नांगराची निशाणी करायची, वाण्याने तराजूची. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचीही निशाणी त्या कागदावर उमटत होती आणि दोन पिढ्यांनंतर तीच पुरावा म्हणून उभी राहत होती. मनगटाच्या जोरावर वतन बळकावणाऱ्याला उत्तर देण्याचे याहून सभ्य साधन त्या काळी कोणते होते?

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मधला, असे बखरींच्या आधारे मानले जात होते. कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली (वर्षावार घटनांची टिपणे) लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. पुढे तंजावरच्या प्रतीवरून छापलेल्या शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्याने तिला दुजोरा दिला, अनेक वर्षे वाद चालला आणि अखेर शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका घराण्याच्या बाडातील एका ओळीने अवघ्या महाराष्ट्राचा उत्सवाचा दिवस बदलला. (तिथी की तारीख हा वाद कृपया येथे नको; त्यासाठी दरवर्षी वेगळा मुहूर्त असतोच.)

माळरान

आपण मांडलेल्या दोन्ही उदाहरणांत कागद असलेली माणसे आहेत. ज्यांच्याजवळ तो नाही त्यांच्याकडून हा विषय पाहिला, तर चित्र उलटे दिसते.

महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा विचारला जातो. अनुसूचित जातींसाठी १९५० चा, इतर मागासवर्गासाठी १९६७ चा. पालावर जन्मलेल्या, वर्षात दहा गावे फिरलेल्या, जमिनीचा तुकडा नसलेल्या आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजोबांचा १९६१ चा कागद नातवाने कोठून आणावा? सातबारा नाही, जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही. त्यांची नोंद कोणी ठेवलीच असेल तर ती पोलिसांनी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून वहीत घातले, हजेऱ्या लावल्या, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसवले; तो कायदा १९५२ मध्ये उठला. ज्या वहीने त्यांना डाग लावला, तीच वही आज एखाद्या नातवाला पुरावा म्हणून शोधावी लागणे हा दुबळ्याला दिलेला आधार म्हणायचा का?

आणखी एक गोष्ट. लिहिणारा हात कोणाचा होता? गावात दप्तर कुळकर्ण्याकडे असे, आणि त्या लेखणीने अडाणी शेतकऱ्याला कसे नाडले याबद्दल महात्मा फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी पोटतिडिकीने लिहून ठेवले आहे. नांगराच्या निशाणीचे आपल्याला कौतुक वाटते. पण निशाणीच्या वर काय लिहिले आहे, हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हते.

अव्वल कारकून (निवृत्त)

मी महसूल खात्यात नोकरी केली. दोघांचेही म्हणणे ऐकून मला माझ्या टेबलावरची एक गोष्ट आठवते, तिचे नाव हक्कसोडपत्र. बाप वारला, वारसांची नावे लागली, की काही महिन्यांत भाऊ बहिणींना घेऊन कार्यालयात येत. बहिणी खाली बघत सह्या करीत, फेरफार मंजूर होई, आणि सातबाऱ्यावरून त्यांची नावे कमी होत. कायद्याने १९९४ मध्ये राज्यात आणि २००५ मध्ये देशात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. कागदाने तो एका दुपारी काढून घेतला, तोही पूर्णपणे कायदेशीर रीतीने. जबरदस्ती झाली असे फेरफाराच्या नोंदीत कधीच लिहिलेले नसते. तेथे ‘स्वखुशीने’ असा शब्द असतो.

याच्या उलटही पाहिले आहे. १९९२ मध्ये शासनाने लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक काढले आणि नवऱ्याच्या बरोबरीने बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावणे सोपे केले. ज्या बाईचे नाव लागले तिच्याशी बोलताना घरातल्यांचा आवाज बदलतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. तेव्हा कागद दुबळ्याच्या बाजूचा की बलवानाच्या, हा प्रश्नच मला नीट मांडलेला वाटत नाही. टेबलाच्या अलीकडे कोण बसले आहे आणि पलीकडे कोण, यावर ते ठरते.

रुमाल

माळरान यांचा मुद्दा जिव्हारी लागला, पण त्यातील एक गृहीत मला मान्य नाही. सत्ताधाऱ्याने लिहिले म्हणून कागद कायम सत्ताधाऱ्याचाच राहतो, असे होत नाही. इनाम कमिशन घ्या. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इंग्रजांनी इनामदारांकडे सनदा मागितल्या. ज्यांच्या सनदा सापडल्या नाहीत किंवा पसंत पडल्या नाहीत त्यांची इनामे खालसा झाली. हेतू महसूल वाढवण्याचा होता. मात्र दावे खोडून काढण्यासाठी पेशवे दप्तराची जुनी कागदपत्रे लागत, म्हणून ती रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधून, लावून, राखून ठेवली गेली. त्याच दप्तरातून १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी ४५ खंड काढले. इनामे हिसकावण्यासाठी जपलेले कागद शेवटी मराठ्यांच्या इतिहासाचे भांडार झाले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे तर गावोगाव फिरून, खासगी घरांच्या माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडातून कागद सोडवत होते. त्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड छापला नसता, तर पानिपताविषयी आपण ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफच्याच शब्दांवर विसंबून राहिलो असतो.

शिवाय आपण कागद आणि तोंडी साक्ष यांच्यात जी भिंत उभी केली आहे, ती जुन्या दप्तरात नाही. महजर म्हणजे तरी काय? लिहून घेतलेली तोंडी साक्षच. ‘धामधुमीत कागद गेले’ अशी तक्रार घेऊन माणूस आला, तर त्याला हाकलून देत नसत. गोताला विचारून नवा कागद करून देत.

माळरान

आणि गोताचेही एकमत झाले नाही, तर उकळत्या तुपातून धातूचा तुकडा काढायला लावत. खरे-खोटे ठरवण्याच्या त्या रवादिव्याचा उल्लेख आपण टाळलात.

तोंडी परंपरेबद्दल मात्र आपण मला बळच दिलेत. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. बाईने नवऱ्याविषयी, सासरच्या जाचाविषयी, बाबासाहेबांविषयी काय म्हटले, ते कोणत्याही रुमालात नाही. ते जात्याजवळ होते. इतिहासासाठी आपण त्या ओव्या आनंदाने घेतो. कचेरीत मात्र त्याच बाईच्या बोलण्याला दोन कवड्यांची किंमत नाही. मला एवढेच हवे आहे, की ज्या जमातीकडे कागद असण्याची शक्यताच नव्हती, तिच्या बाबतीत चालीरीती, नातेसंबंध आणि जाणत्यांची साक्ष कागदाइतकी मोलाची धरावी.

मांडवीकाठ

गोव्यातील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये येथील गावकऱ्यांच्या रूढी ‘फोराल’ नावाच्या दस्तात लिहून काढल्या. रूढी आधीपासूनच होत्या; पण तोंडी असताना त्या गरजेप्रमाणे वाकत असाव्यात, लिहिल्यावर त्या गोठल्या. गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकरी संस्थेची पुढे कोमुनिदाद झाली, तिचे हक्क पुरुषांच्या वंशात बांधले गेले, आणि आजही वाद निघाला की जुनी वही उघडतात. तोंडी परंपरा कागदावर आणताना ती कोणत्या क्षणाची आणि कोणाच्या सोयीची परंपरा आहे, हे माळरान यांनीही विचारात घ्यावे.

जुना वकील

माळरान यांची मागणी ऐकायला न्याय्य आहे, परंतु तिचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे आणि तो फारसा सुखाचा नाही. अनुसूचित जमातींच्या पडताळणीत ‘आप्तभाव चाचणी’ असते. अर्जदाराला कुलदैवत, लग्नाच्या चालीरीती, बोलीतले शब्द, नाच, सण विचारतात. शहरात वाढलेल्या, वडील नोकरीत असलेल्या मुलाला ते सांगता आले नाही, की दावा फेटाळला जाई. म्हणजे आदिवासीने आदिवासी दिसले पाहिजे, अशी ती परीक्षा. ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सांगितले आणि जुन्या दस्तऐवजांना अधिक वजन दिले. तेथे मौखिक परंपरेने माणसाला अडवले होते आणि पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याने सोडवण्याची वाट दाखवली.

माळरान

पणजोबांचा शाळेचा दाखला असलेल्या घराला त्याने सोडवले, हे मान्य. माझा प्रश्न दाखला नसलेल्या घराचा होता आणि तो आपल्या उत्तरानंतरही जागच्या जागी आहे. चाचणी घेणारा परका अधिकारी पुस्तक समोर ठेवून नाच विचारतो, यालाही मी साक्ष म्हणत नाही. साक्ष त्याच्या पालाशेजारी राहिलेल्यांची घ्या, ज्या गावात तो दरवर्षी यात्रेला उतरत असे त्या गावच्या दुकानदाराची घ्या.

रुमाल

मग आपण दोघे बरेच जवळ आलो. धागा काढताना ‘एकंदरीत दुबळ्याच्या बाजूने’ असे लिहिले, ते आता मी मागे घेतो. हक्कसोडपत्राचे उदाहरण वाचल्यावर ते टिकत नाही. पण उपाय कागद कमी करण्यात नसून नवा कागद करण्यात आहे, हे मत कायम आहे. जुन्या महजरासारखी तजवीज हवी: पुरावा नसेल तेथे जाहीर चौकशी करावी, आसपासच्यांच्या तकरिरी नावानिशी घ्याव्यात आणि त्या एका दस्तात बांधून त्याला जुन्या दाखल्याचे वजन द्यावे.

अव्वल कारकून (निवृत्त)

कल्पना चांगली आहे, फक्त गोत कोण बोलावणार ते आधी सांगा. पालावरचे जाणते म्हणजे पुष्कळदा जातपंचायतीचे पंच. त्यांनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी इतक्या आल्या, की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. उद्या त्याच पंचांच्या तकरिरीला आपण १९६१ च्या दाखल्याची किंमत दिली आणि जातीबाहेर लग्न केलेली एखादी मुलगी लेकराच्या दाखल्यासाठी साक्ष मागायला गेली, तर ते तिच्याकडून आधी काय मागतील, याचा अंदाज मला नोकरीतल्या अनुभवावरून आहे.