एवढासा आयो अजून पेटलेला कसा काय?

साक्रीवाला:
जूनो यानाने काढलेले आयोचे फोटो बघितले काल, गुरूचा चंद्र तो. ४०० च्या वर जिवंत ज्वालामुखी आहेत म्हणे. आता आपल्या साक्री-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून वर आलेले काळ्या दगडांचे उभे पट्टे आहेत ना, तेही लाव्हाचेच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, केव्हाच गार झालेले. आयो तर आपल्या चंद्रापेक्षा जरासाच मोठा, मग त्याच्या आत अजून एवढी उष्णता येते कुठून?

तापीकाठ:
भो, ती जुनी शिल्लक नाहीच, रोज नवीन तयार होते. आयोची कक्षा पूर्ण गोल नाही, कधी गुरूच्या जवळ कधी लांब, त्यामुळे ओढ कमी-जास्त होते आणि आयोची जमीन १०० मीटरपर्यंत वर-खाली होते, पाणी नाही हां, दगडाची जमीन! तार सारखी इकडून तिकडे वाकवली की मोडायच्या जागी चटका बसतो, तसंच. त्यात गुरूचेच अजून दोन चंद्र आहेत, युरोपा आणि गॅनिमीड; आयोच्या ४ फेऱ्या होईपर्यंत युरोपाच्या २ आणि गॅनिमीडची १, हे दोघं त्याला ठराविक तालात ओढत राहतात म्हणून कक्षा गोल होतच नाही, नाहीतर खेळ कधीच आटोपला असता. पील, कॅसेन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे गणित मार्च १९७९ मध्ये छापलं आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर १ यानाच्या फोटोत नासाच्या लिंडा मोराबिटोला उद्रेकाचा फवारा दिसला. टायमिंग बघ!

केळीवाला_रावेर:
मग आपला चंद्र का नाही तापत? त्याची कक्षा पण गोल कुठे आहे

तापीकाठ:
दादा, ओढणारा कोण ते बघा ना. आयो गुरूपासून ४.२ लाख किमी, आपला चंद्र पृथ्वीपासून ३.८४ लाख, अंतर जवळपास सारखंच, पण गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट. आपल्या चंद्राला फेरीला २७ दिवस लागतात, आयोला साडेबेचाळीस तास. पार पिळून निघतो बिचारा.

खगोलवेडा_भुसावळ:
सगळीकडे लाव्हाच असतो असं नाही बरं का. शनीचा एन्सेलाडस जेमतेम ५०० किमीचा, वरून सगळा बर्फ, आणि दक्षिण ध्रुवाच्या भेगांमधून वाफ अन् बर्फाचे कण उडतात, कॅसिनी यानाने २००५ ला पकडलं ते. तिथेही हीच ओढाताण. मला तर आयोपेक्षा हेच जास्त भारी वाटतं.

साक्रीवाला:
आता शिरलं डोक्यात. माझ्याकडे १०×५० ची दुर्बीण आहे, दिसेल का आयो?

खगोलवेडा_भुसावळ:
ठिपका दिसेल, ज्वालामुखी विसर. गुरूला चिकटूनच असतो तो, म्हणून बाजूला लांब गेलेला असेल तेव्हाच बघ, अन् दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर टेकव, हातात लई हलते.