खेळाडूचे समाजमाध्यमांवरील शेरे आणि मालकाचा दंडाधिकार

हिराबागकर

व्यावसायिक खेळाडूने स्वतःच्या खात्यावर एखाद्या समाजघटकाचा अपमान होईल असे काही लिहिले की एक-दोन दिवसांत त्याचा क्लब किंवा मंडळ त्याला निलंबित करते आणि वर्तमानपत्रे त्या निर्णयाला ‘कणखर’ म्हणून मोकळी होतात. शिक्षा करण्याचा मालकाचा अधिकार मला मान्य आहे. मात्र तो अधिकार आधी लिहून ठेवलेल्या नियमातून आणि खेळाडूची बाजू ऐकून घेतल्यानंतरच वापरला गेला पाहिजे. प्रायोजकाचा दूरध्वनी आला, हे शिक्षेचे कारण होऊ शकत नाही. प्रत्यक्षात हा क्रम पुष्कळदा उलटा असतो.

इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन याचे प्रकरण पाहावे. जून २०२१ मध्ये तो लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध आपली पहिली कसोटी खेळत असताना, पहिल्याच दिवशी, त्याने २०१२ ते २०१४ या काळात लिहिलेले वंशद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारे ट्वीट उजेडात आले. लिहिले तेव्हा त्याचे वय अठरा ते वीस होते. त्याने त्याच संध्याकाळी माफी मागितली, सामन्यात सात बळी घेतले आणि सामना संपताच इंग्लंडच्या मंडळाने त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित केले. पुढे शिस्तपालन आयोगाने आठ सामन्यांची बंदी घातली, त्यांपैकी पाच सामन्यांची बंदी दोन वर्षांसाठी स्थगित ठेवली, उरलेले तीन सामने तो तोवर मुकलेलाच होता, आणि ३,२०० पौंडांचा दंड केला. आयोगाचा निकाल मला समंजस वाटतो. खटकते ते निकालाआधीचे निलंबन, कारण ते भोगून झाल्यावरच त्याला ‘शिक्षा’ हे नाव मिळाले.

आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांच्या बाबतीत याहून विचित्र प्रकार घडला. ते प्रकरण दूरचित्रवाणीवरील गप्पांचे होते, समाजमाध्यमांचे नव्हते; तरी पद्धत तीच. तेव्हा भारतीय मंडळाचा कारभार पाहणाऱ्या प्रशासक समितीने दोघांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावले, आणि मग लक्षात आले की चौकशी करणारा लोकपालच अजून नेमलेला नाही. अखेर निलंबन उठवावे लागले, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत न्यायमूर्ती डी. के. जैन यांची नेमणूक केली आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. चौकशी अधिकारी नेमण्यापूर्वी शिक्षा सुरू करणारे कार्यालय आपण पुण्यातल्या कोणत्याही कारखान्यात चालवून घेतले असते का?

मृण्मयी

मी प्रायोजकांच्या बाजूने काम करते, त्यामुळे ‘प्रायोजकाचा दूरध्वनी’ या शब्दांमागचा तुच्छतेचा सूर मला कळला. कारखान्याची तुलना येथे लागू पडत नाही. चाकणचा फिटर आपल्या आठ तासांच्या कौशल्याचे वेतन घेतो आणि त्याने घरी काय लिहिले हे कोणी विचारत नाही, कारण त्याचे लिहिणे कोणी वाचतही नाही. खेळाडू मात्र कौशल्याबरोबर आपले नाव, चेहरा आणि लोकांचा विश्वास विकत असतो आणि त्याची किंमत करारात वेगळी घेत असतो. त्याच्या खात्यावर जमलेले लाखो लोक संघाच्या जर्सीमुळे जमलेले असतात. जाहिरातीसाठी जे खाते सार्वजनिक असते, तेच शेरा मारताना खासगी कसे होते?

आपण सोयीची उदाहरणे घेतली आहेत. ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इस्रायल फोलाव याने २०१८ मध्ये समलिंगी व्यक्तींना नरकवास सांगणारे लिखाण केले, तेव्हा संघटनेने त्याला कोणतीही शिक्षा न करता त्याच्याशी चर्चा केली. एप्रिल २०१९ मध्ये त्याने पुन्हा तसेच लिहिले. त्यानंतर तिघांच्या स्वतंत्र समितीपुढे सुनावणी झाली, आचारसंहितेचा गंभीर भंग झाल्याचे ठरले आणि मे महिन्यात त्याचा करार संपवला गेला. नियम आधी लिहिलेला होता, समज दिली होती, बाजू ऐकली होती. आता तरी शिक्षा मान्य आहे ना? की त्याच संघात खेळणाऱ्या एखाद्या समलिंगी मुलाने ते वाचून गप्प बसायचे?

भिकारदास

वकिली पेशामुळे थोडी कायद्याची बाजू मांडतो, कारण अशा चर्चांत ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ फार लवकर बाहेर काढले जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधले स्वातंत्र्य हे राज्यसंस्थेविरुद्ध आहे, आणि क्रिकेट नियामक मंडळ अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात बहुमताने ठरवले. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्याची वाट मात्र खुली ठेवली. म्हणजे खेळाडूचे खरे संरक्षण राज्यघटनेपेक्षा करारातील कलमांत आणि नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वात शोधावे लागते.

हिराबागकरांनी कारखान्याचे उदाहरण दिले ते मृण्मयीताईंना वाटते तितके गैरलागू नाही. ग्लॅक्सो कंपनीच्या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या शिस्तीच्या लेखी नियमांत, ‘आस्थापनेच्या आवारात किंवा लगत’ असे शब्द असतील तर आवाराबाहेरच्या कृत्यासाठी ते ताणता येणार नाहीत, कारण शिक्षेचा नियम काटेकोरपणेच वाचला पाहिजे. करारबद्ध क्रिकेटपटू हा कामगार कायद्यातला कामगार नव्हे, हे खरे. तत्त्व मात्र उपयोगी आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. भारतातील असंख्य खेळाडूंचा मालक क्लब किंवा फ्रँचायझी नसून सरकार आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसळे आपल्या पुण्यातच मध्य रेल्वेच्या नोकरीत होते; अनेक कुस्तीगीर पोलीस दलात आहेत, मुंढव्याच्या बाजूला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव करणारे सेनादलात आहेत. या सर्वांवर सेवाशर्तींचे नियम लागू असतात आणि त्या नियमांत सरकारी धोरणावर टीका करण्यालाही मनाई असते. म्हणून ‘आक्षेपार्ह लिहिले तर मालकाने शिक्षा करावी’ असे आपण जेव्हा उत्साहाने म्हणतो, तेव्हा कोणता मालक आणि कोणाला आक्षेपार्ह, हे विचारून घ्यावे. आक्षेपार्ह ऑनलाइन लिखाणाला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ मार्च २०१५ मध्ये रद्द झाले ते त्यातील मोघमपणामुळे, आणि ते प्रकरण न्यायालयात गेले ते नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक नोंदीवरून झालेल्या अटकेनंतर. जो मोघमपणा फौजदारी कायद्यात टिकला नाही, तो करारांमध्ये सुखाने नांदावा, हे मला पटत नाही.

माजी गोलंदाज

निवड समितीने बळी आणि धावा पाहाव्यात, बाकीचे पाहायला पोलीस आणि न्यायालये आहेत. आमच्या वेळी डेक्कन जिमखान्यावर खेळाडू एकमेकांना जे बोलत, ते लिहून ठेवले असते तर एकही संघ पूर्ण अकरा जणांचा उरला नसता.

गंजपेठकर

ज्यांच्याविषयी ते बोलले जात असे, त्यांच्यापैकी किती जण आपल्या त्या संघात होते, हेही लिहिले असतेत तर बरे झाले असते.

मूळ लेखकांना माझा प्रश्न वेगळा आहे. सात-आठ वर्षांपूर्वीचे लिखाण जुने झाले, असे ते सुचवतात. पण ज्याच्या जातीवर किंवा वर्णावर ते लिहिले आहे, त्याच्यासाठी ते वाचले त्या दिवसाचे असते. युवराज सिंग यांनी २०२० मध्ये इन्स्टाग्रामवरील थेट गप्पांत सहकारी खेळाडूविषयी जातिवाचक शब्द वापरला. ते निवृत्त झालेले असल्याने जाब विचारणारे मंडळ नव्हते; त्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण हरियाणात पोलीस तक्रारीपर्यंत गेले. माजी गोलंदाज म्हणतात तसा रस्ता हाच असेल, तर तो खेळाडूच्याही हिताचा नाही. मंडळाची तीन सामन्यांची बंदी ही अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्यापेक्षा कितीतरी सौम्य असते.

शिक्षा जलद झाली याचे दुःख मला नाही. दुःख आहे ते ती निवडून होते याचे. रॉबिन्सनच्या प्रकरणानंतर त्याच महिन्यात ऑयन मॉर्गन आणि जोस बटलर यांचे भारतीयांच्या इंग्रजीची टर उडवणारे जुने संदेश बाहेर आले. दोघांवरही बंदी आली नाही. एक जण पदार्पण करणारा गोलंदाज होता आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंडच्या मर्यादित षटकांच्या संघाचा कर्णधार मॉर्गन व त्याचा प्रमुख फलंदाज बटलर होते, एवढा फरक मला दिसतो. नियम लिहून काढण्याविषयी आपण बोलत असाल, तर त्यात पहिले वाक्य हे असावे की कर्णधारालाही हा नियम लागू आहे.

हिराबागकर

गंजपेठकरांचा शेवटचा मुद्दा माझ्या मांडणीला बळकटी देणारा आहे, कारण निवडून शिक्षा करता येते ती नियम धूसर असतो म्हणूनच. फोलावच्या बाबतीत प्रक्रिया बरीच नीट झाली, याविषयी मृण्मयीताईंशी माझे दुमत नाही. त्या प्रकरणाचा शेवट डिसेंबर २०१९ मध्ये दोन्ही बाजूंच्या तडजोडीत आणि परस्परांच्या दिलगिरीत झाला, हेही त्याबरोबर नोंदवावे.

मात्र आता अन्वर एल गाझी याचे प्रकरण घ्या. जर्मनीतील माइन्झ या फुटबॉल क्लबने ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझामधील युद्धाविषयीच्या त्याच्या नोंदीवरून त्याला आधी निलंबित केले आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा करार रद्द केला. २०२४ मध्ये तेथील कामगार न्यायालयाने तो करार रद्द करणे बेकायदा ठरवले. त्या नोंदीशी आपण सहमत असू वा नसू, परंतु क्लबने दिलेली कारणे आणि फोलावला दिलेली कारणे यांत संस्थेची मूल्ये, प्रतिमा, समाजाच्या भावना अशी तीच भाषा आढळते. एका प्रकरणात आपल्याला आवडलेले हत्यार दुसऱ्या प्रकरणात नावडते ठरते. म्हणून मला दोन गोष्टींत भेद करावासा वाटतो. माणसाला त्याच्या जन्माने मिळालेल्या ओळखीवरून हिणवणे आणि सार्वजनिक प्रश्नावर टोचणारे मत मांडणे, या दोहोंना एकच कलम लावू नये. पहिल्यासाठी मालकाने शिक्षा करावी, दुसऱ्यासाठी फार तर ‘हे संघाचे मत नाही’ असे जाहीर करून थांबावे. ही सीमारेषा अनेकदा पुसट असेल, परंतु ती ठरवण्यासाठीच तर बाहेरचा निष्पक्ष माणूस बसवायचा. चौकशी होईपर्यंत खेळाडूला बाजूला ठेवायचे असेल, तर मानधन चालू ठेवून आणि ठरावीक दिवसांची मर्यादा घालून ठेवावे. करार होण्यापूर्वीच्या लिखाणाची चौकशी मालकाने करार करण्यापूर्वी करावी; लॉर्ड्सच्या पहिल्या दिवशी नव्हे.

मृण्मयी

शेवटचे वाक्य मला मान्य आहे आणि खरे तर प्रायोजकांनाही तेच हवे असते. सदिच्छादूत नेमताना आम्ही जुनी खाती तपासतो, मग मंडळांना ते का जमू नये? मानधन चालू ठेवण्याविषयी मात्र एक अडचण आहे. आपल्याकडे वार्षिक करारातली रक्कम वेगळी आणि प्रत्येक सामन्याचे मानधन वेगळे असते. खेळाडू बाहेर बसला तर सामन्याचे मानधन आपोआप जाते, आणि आयपीएलच्या काळात दोन आठवडे बाहेर बसणे म्हणजे संघातली जागाच जाणे. आपली दिवसांची मर्यादा ऐकायला चांगली आहे, पण ती सात दिवसांपेक्षा मोठी असेल तर तिचा खेळाडूला उपयोग नाही, आणि सात दिवसांत प्रामाणिक चौकशी होईल असे मला वाटत नाही. जन्माने मिळालेली ओळख आणि मत यांतला भेदही फोलावला लावून पाहा: तो म्हणाला की मी माझी श्रद्धा सांगतो आहे.

भिकारदास

मृण्मयीताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे की श्रद्धा बाळगणे हे मत आहे आणि तिचा रोख दुसऱ्याच्या ओळखीवर धरणे हे पहिल्या प्रकारात मोडते. तरीही शिक्षा करार संपवण्याइतकी असावी का, यावर मी अजून हो म्हणणार नाही.

दिवसांच्या मर्यादेविषयी मात्र मूळ अडचण वेगळी आहे. इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्रिकेटपटूंची स्वतःची संघटना आहे आणि ऑस्ट्रेलियात रग्बीपटूंची आहे. कराराच्या अटी ठरताना त्या संघटना खेळाडूंच्या बाजूने बोलतात. आपल्याकडे २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, पण तिचे सभासदत्व निवृत्त खेळाडूंपुरते आहे. खेळत असलेल्या खेळाडूला मंडळाने पाठवलेला मसुदा एकट्याने वाचून सही करायची असते. हिराबागकर मागतात त्या अटी कोणी करारात घालून घ्यायच्या म्हटले, तर त्यासाठी मंडळासमोर बसणारा दुसरा पक्षच आज अस्तित्वात नाही.