पुण्यात आपल्या लेव्हलचा टेनिस पार्टनर कसा शोधायचा?

बाणेरचा_बेसलाइनर

राहायला बाणेरला, वय ३८. दीड वर्षापासून कोचिंग चालू आहे. फोरहँड बरा आहे, बॅकहँड दोन हाती, दुसरी सर्व्हिस अजून नुसती ढकलतो. अडचण अशी की अकॅडमीत एक तर टूर्नामेंट खेळणारी शाळकरी मुलं आहेत, नाहीतर नुकतीच रॅकेट हातात धरलेली मंडळी. मॅच खेळायला बरोबरीचं कुणीच नाही. 'इंटरमीडिएट' असं सांगितलं की कुणीही येतं. तर लेव्हल नेमकी सांगायची कशी, माणसं शोधायची कुठे, आणि नाही जमलं तर समोरच्याला न दुखावता कसं सांगायचं? वेळ सकाळची, ६ ते ८.

डीप_क्रॉसकोर्ट

'इंटरमीडिएट' हा शब्द आधी सोडा. एनटीआरपीचा आकडा सांगा. खेळाची लेव्हल आकड्यात सांगायची ही अमेरिकन पद्धत आहे, १.० पासून ७.० पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने. हौशी खेळाडूला त्यातले तीनच टप्पे नीट ओळखता आले तरी पुरे. ३.० म्हणजे मध्यम वेगाचा चेंडू बऱ्यापैकी परत जातो, पण तो कुठे आणि किती खोल पडेल याची खात्री नाही. ३.५ म्हणजे दिशा हातात आलेली, खोली आणि विविधता अजून कमी. ४.० म्हणजे मध्यम वेगाच्या चेंडूवर दोन्ही बाजूंनी दिशा आणि खोली दोन्ही भरवशाची.

स्वतःला तपासायचं तर असं करा. सर्व्हिस लाइन नेटपासून ६.४० मीटरवर असते आणि तिच्या मागे बेसलाइनपर्यंत साधारण साडेपाच मीटरचा पट्टा उरतो. समोरच्याशी चालू रॅलीत क्रॉसकोर्ट (कोर्टाच्या तिरक्या कोपऱ्यात) मारा आणि दहापैकी किती चेंडू त्या पट्ट्यात पडले ते मोजा. फोरहँड वेगळा, बॅकहँड वेगळा. मग दुसऱ्या सर्व्हिस २० मारा, दहा ड्यूस कोर्टातून (उजव्या बाजूने), दहा ॲड कोर्टातून (डाव्या बाजूने). पट्ट्यात पाच-सहाच चेंडू आणि बरोबर पडलेल्या सर्व्हिस १२ पेक्षा कमी, तर स्वतःला ३.० म्हणा. सात-आठ चेंडू आणि १५ सर्व्हिस, तर ३.५. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण माणूस स्वतःला फार वर धरत नाही एवढं तरी त्यांनी साधतं.

कोचने बास्केटमधून दिलेले चेंडू यात धरायचे नाहीत. ते कमरेच्या उंचीवर, एकाच वेगाने, एकाच जागी येतात. तिथे जोरात बसलेला फोरहँड मॅचमध्ये धावत जाऊन मारायचा असतो, आणि बहुतेकांचा अंदाज तिथेच अर्ध्या टप्प्याने चुकतो. आपली लेव्हल सर्वात चांगल्या फटक्यावरून ठरवू नका, दुसऱ्या सर्व्हिसवरून आणि बॅकहँडवरून ठरवा.

यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) आणि वर्ल्ड टेनिस नंबर ही रेटिंग नोंदवलेल्या मॅचच्या निकालांवर चालतात, त्यामुळे कोर्टावर आपापसात खेळणाऱ्यांना ती सध्या कामाची नाहीत. कुणी सांगितलीच तर एवढं लक्षात ठेवा: यूटीआर वाढत जातो तसा खेळाडू चांगला (१ ते १६.५), आणि वर्ल्ड टेनिस नंबर ४० पासून १ कडे उतरतो.

निरोप असा टाका: "३.० ते ३.५, सिंगल्स. सर्व्हिस हळू पण आत. मंगळवार-गुरुवार सकाळी ६.३० ते ७.३०, बाणेर-बालेवाडी. कोर्टाचं भाडं निम्मं-निम्मं, बॉल आळीपाळीने. पॉइंट खेळायचे आहेत, नुसती रॅली नको." शेवटचं वाक्य गाळू नका. लेव्हल जुळूनही जोड्या मोडतात त्या यावरूनच, की एकाला सेट खेळायचा असतो आणि दुसऱ्याला घाम गाळायचा असतो.

मार्करला_विचारा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता कुठे शोधायचं ते.

कोर्टावरचा मार्कर, म्हणजे पैसे घेऊन लोकांबरोबर खेळणारा माणूस, हा सर्वात चांगला. तो रोज सगळ्यांबरोबर खेळतो, कुणाचा बॅकहँड कसा हे त्याला पाठ असतं. त्याच्याबरोबर पैसे देऊन एक तास खेळा आणि सरळ विचारा, "माझ्या बरोबरीचं सकाळी कोण येतं?" कोचपेक्षा तो स्पष्ट बोलेल.

दुसरा रस्ता डबल्सचा. सकाळी ६ ते ८ मध्ये बहुतेक कोर्टांवर ठरलेले ग्रुप असतात आणि त्यांना चौथा नेहमीच कमी पडतो. पावणेसहाला तयार होऊन जा, "चौथा लागला तर मी आहे" एवढंच सांगा. एका सकाळी तीन जणांचा खेळ दिसतो, त्यातला एखादा सिंगल्सला मिळतो. साठीतले काका हळू वाटले तरी लॉब आणि ड्रॉप शॉटवर ३.५च्या माणसाला दमवतात, तेव्हा वयावरून लेव्हल ठरवू नका.

प्लेओसारख्या ॲपवर खेळ लावता येतो, पण लेव्हल ज्याची त्यानेच लिहिलेली असते. तिथे ओळख काढा, पारख कोर्टावर करा. तुमच्या भागात बऱ्याच सोसायट्यांत कोर्ट आहे, तिथल्या ग्रुपवर निरोप टाकायला एखादा रहिवासी शोधा. पाहुण्याला खेळू देतात का, हे आधी विचारून घ्या.

नो_ॲड

पहिल्या भेटीत लगेच सेट लावू नका. एक तास असा वाटा: पाच मिनिटं दोघं सर्व्हिस बॉक्समध्ये मिनी टेनिस, दहा मिनिटं मधून सरळ, दोन्ही बाजूंचा क्रॉसकोर्ट प्रत्येकी सात-आठ मिनिटं, पाच मिनिटं नेटवर व्हॉली, पाच मिनिटं सर्व्हिस. उरलेल्या वेळात दहा पॉइंटचे दोन टायब्रेक. १०-७, ८-१० असं काही झालं तर माणूस तुमचा. १०-२, १०-३ झालं तर अंतर आहे.

पुढे पूर्ण मॅच खेळाल तेव्हा हरणाऱ्याने दोन सेटमध्ये मिळून सात गेम घेतले का ते बघा. ६-४, ६-३ ही चुरशीची मॅच. ६-१, ६-१ दोन-तीनदा लागोपाठ झालं तर दोघांचंही नुकसान.

बाणेरचा_बेसलाइनर

खूप उपयोगी. एक शंका राहिली: माणूस चांगला, वेळ जुळते, पण लेव्हलमध्ये अर्ध्या टप्प्याचा फरक असेल तर? सोडून द्यायचा का?

नो_ॲड

मुळीच नाही. वेळेवर येणारा ३.०, न सांगता टांग देणाऱ्या ३.५ पेक्षा केव्हाही बरा. वरचढ खेळाडूला एकच सर्व्हिस द्या, किंवा दुसऱ्याचा प्रत्येक गेम १५-० ने सुरू करा. तेही कमी पडलं तर कमजोर खेळाडूला डबल्सच्या गल्ल्या (कोर्टाच्या दोन्ही कडांचे पट्टे) उघड्या ठेवा. वरचढाला ८.२३ मीटर रुंदीतच मारायचं, दुसऱ्याला १०.९७ मोकळे. वरचढाला पळावं लागतं, तोही कंटाळत नाही.

नाही म्हणायचं असेल तर पहिल्या भेटीनंतर त्याच दिवशी लिहा: "छान वाटलं, पण मला सध्या जरा सावकाश रॅली हवी आहे." आणि मार्करकडून त्याच्या बरोबरीचं कुणी कळलं असेल तर तेही सांगा. मेसेजला उत्तर न देणं सर्वात वाईट, कोर्टावर रोज तोंडं दिसतात.

डीप_क्रॉसकोर्ट

एक भर. जमलेली जोडी टिकवायची तर वार आणि वेळ कायमची ठरवा, दर वेळी "उद्या येणार का?" नको. आदल्या रात्री नऊनंतर रद्द केलं तर कोर्टाचं भाडं रद्द करणाऱ्याचं, हे पहिल्या आठवड्यातच बोलून घ्या. एकाच माणसावर अवलंबून राहू नका, सिंगल्ससाठी तीन आणि डबल्ससाठी सहा-सात जणांची यादी हवी. जूनपासून मातीची कोर्टं बंद राहतात आणि सगळी गर्दी हार्ड कोर्टावर येते, म्हणून पावसाळ्याचा स्लॉट मे महिन्यातच विचारून ठेवा. ओल्या हार्ड कोर्टावर रंगवलेल्या रेषा आधी निसरड्या होतात. वायपर मारून झाल्यावर बेसलाइन हाताने चाचपून बघा, ओल लागली तर तो दिवस सोडा.