मदत हवी आहे: बाबांना ६७ व्या वर्षी बी.ए. करायचंय

नमस्कार मंडळी. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, बारावी पास आहेत. आम्ही दारव्हा तालुक्यातले. आता त्यांना इतिहास घेऊन बी.ए. करायचंय. गावातले पोट्टे ‘काकाजी, कलेक्टर होता का आता?’ म्हणून चिडवतात, पण गडी मागे हटत नाही. नातीचं इतिहासाचं पुस्तक घेऊन ओसरीवर बसतात, जुन्या डायरीत सनावळ्या उतरवतात. दुपारची झोप सुटली, त्यामुळे रात्री शांत झोपतात. मला तर एवढाच फायदा पुरे.

वयाची अट नाही हे माहीत आहे, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातही आणि इग्नूतही. विभागीय केंद्रं अमरावती-नागपूरला आहेत, ती लांब पडतात. दारव्हा, दिग्रस किंवा यवतमाळला चांगलं अभ्यासकेंद्र कोणतं? पुस्तकं छापील मिळतात की मोबाईलवरच वाचावी लागतात? मोबाईल त्यांना जमत नाही. आणि मुख्य म्हणजे, लिहिताना त्यांचा हात थरथरतो. पेपरला जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो का, त्यासाठी कोणता दाखला लागतो? पेपर मे महिन्यात असले तर आपल्याकडचं ऊन पाहता तेही आधीच सांगा.

कुणाच्या घरी असं कुणी शिकलं असेल तर कृपया लिहा.