मारुआन फेलेनी : अडगळ, की अडीनडीला धावणारा?

मधली_फळी:
फेब्रुवारी २०२४ मध्ये बेल्जियमचा फुटबॉलपटू, मिडफिल्डर फेलेनीने बूट खुंटीला टांगले. अजूनही त्याचं नाव काढलं की लोक आधी केसांच्या टोपल्यावर हसतात, मग त्याने मारलेल्या कोपरांवर घसरतात. मला हे पटत नाही. बेल्जियमच्या 'सोनेरी पिढी'त आरत्या ओवाळल्या गेल्या अझार आणि डी ब्रॉयनाच्या. पण २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये जपानने ०-२ करून ठेवल्यावर ६५ व्या मिनिटाला कोच मार्टिनेझने कोणाला उतरवलं? शाडलीला आणि याला. ७४ व्या मिनिटाला अझारचा क्रॉस, याचा हेडर, २-२. शेवटच्या क्षणी शाडलीने मॅच काढली. २०१४ ला अल्जेरियाविरुद्धही तेच. ०-१ असताना आला आणि पाच मिनिटांत बरोबरी. ८७ सामने, १८ गोल. अजून काय हवं?

स्ट्रेटफर्ड_एंड:
तुम्ही बेल्जियमचं सांगताय, आम्ही मँचेस्टर युनायटेडवाल्यांनी भोगलंय हो. २०१३ ला ट्रान्स्फरच्या शेवटच्या दिवशी एव्हर्टनला पावणेतीन कोटी पौंड मोजले. हा आत आला की बाकीचे दहा जण पासिंग विसरायचे. उचल बॉल, मार याच्या डोक्यावर! आणि डिसेंबर २०१६, एव्हर्टनचं मैदान गुडिसन पार्क आठवा. १-० ची आघाडी सांभाळायला ८५ व्या मिनिटाला आला आणि काही मिनिटांत बॉक्समध्ये एव्हर्टनच्या गेयेला पाडला. बेन्सची पेनल्टी, १-१. सांभाळायला दिलेलं दूध मांजरानेच सांडलं.

निळा_एव्हर्टनकर:
पैसे क्लबने उधळले, त्यात त्याचा काय दोष? त्याच उन्हाळ्यात जुलैअखेरपर्यंत तो रिलीज क्लॉजमुळे (करारात आधीच ठरलेली विक्रीची रक्कम) स्वस्तात मिळत होता! आमच्याकडे मॅनेजर मॉयेस त्याला स्ट्रायकरच्या मागे खेळवायचा. ऑगस्ट २०१२ ला युनायटेडकडे विडिच सोडला तर सेंटर बॅकच (मधले बचावपटू) शिल्लक नव्हते, बिचाऱ्या मिडफिल्डर कॅरिकला तिथे उभा केला होता. कॉर्नरवर फेलेनी उठला, १-०. तो गोल बघूनच पुढे तुम्ही पाकीट काढलंत ना?

कोपऱ्यातला_प्रेक्षक:
डोक्याचंच काय घेऊन बसलात, त्याची छाती बघा. २०१६ ची एफए कप फायनल, क्रिस्टल पॅलेस युनायटेडविरुद्ध १-० ने पुढे. रूनीचा क्रॉस उंच, वेगात आला. दुसरा कोणी असता तर बॉल टप्पकन उडून गेला असता. याने अंग मागे घेतलं, बॉल छातीवर झेलला आणि तसाच माटाच्या पुढ्यात ठेवला, ताटात वाढावं तसा. गोल. हे कौशल्य नाही तर काय? ते पायात असतं तर आपण 'फर्स्ट टच' म्हणून कविता केल्या असत्या.

स्ट्रेटफर्ड_एंड:
छाती मान्य. (त्या गोलला मीही नाचलो होतो, खोटं कशाला बोलू.) पण एका युक्तीवर अख्खी टीम बांधता येत नाही.

मधली_फळी:
टीम बांधा कोण म्हणतंय? गाडीत स्टेपनी असते, तिच्यावर रोज कोणी गाडी चालवत नाही. तरी ब्राझीलविरुद्ध क्वार्टरफायनलला तो पहिल्या मिनिटापासून होता आणि बेल्जियमने २-१ ने जिंकलं, हे विसरू नका.

स्ट्रेटफर्ड_एंड:
नाही विसरत. मग फ्रान्सविरुद्धची सेमीफायनलही आठवा. ५१ वं मिनिट, ग्रीझमनचा कॉर्नर, जवळच्या पोस्टला उमतिती. त्याच्यावर नजर ठेवायला उभा कोण होता? तुमची स्टेपनी. चांगली बारा सेंटिमीटरने उंच, आणि तरी हेडर उमतितीने जिंकला. १-०, बेल्जियम घरी.

निळा_एव्हर्टनकर:
घरी नाही हो, तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचला!