विषय: पुढचे ब्रेक पॅड काढले, खालची पिन निघत नाहीये (उत्तर आजच हवं)

नेरकर, शुक्रवार, दुपारी १.४० (भारतीय वेळ)

मंडळी, अजून गावीच आहे. गाडी तीच वॅगन-आर, मागच्या दिवाळीत जिचा हँडब्रेक धरून बसला होता. रविवारी चिखलदरा ठरलंय, आईबाबा सोबत. डाव्या बाजूचे पॅड काढले. आतल्या पॅडवर दीड मिलिमीटर मटेरियल उरलंय, बाहेरच्यावर सहा. कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली वरची पिन बोटाने सरकते, खालची सरकतच नाही. पॅड ढकलणारा पिस्टन आत गेला, तो प्रश्न नाही. नवे पॅड आणि क्लिपा आणल्यात. दुकान सातला बंद होतं. फोटो जोडलाय.

मोर्शीकर, दुपारी २.०५

गंज. कॅलिपर पिनांवर सरकला तरच बाहेरचा पॅड डिस्कला लागतो. इथे तो सरकत नव्हता, पिस्टन एकट्या आतल्या पॅडला डिस्कवर दाबत होता, म्हणून हा दीड आणि सहाचा फरक. पिना ज्यात बसतात त्या ब्रॅकेटचे मागचे दोन मोठे बोल्ट सोडा, ब्रॅकेट बाहेर काढा, पिनीचं भोक असलेला कान शेगडीवर तापवा आणि पिन पकडीने ओढा.

पुसदकर, दुपारी २.२०

नेरकर, पिनीचं मंग पाहू. पहिले जॅक पाह्य. फोटोत जॅकखाली वीट दिसून राहिली अन् अंगण काळ्या मातीचं हाये. ही माती वरून वाळली तरी चार बोटं खाली ओलीच राहते. वजन आलं का जॅक तिरपा होते अन् वीट एकदम फुटते. दीड इंच जाड सागाची फळी, दोन फूट लांब, जॅकखाली दे. काढलेलं चाक गाडीखाली दाराच्या पट्टीखाली आडवं सारून ठेव, जॅक सुटला तरी गाडी त्याच्यावर बसंल. मागच्या चाकांले दोन्हीकून गोटे लाव.

अन् कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळून राहिला. नळी आतून तुटते, बाहेरून दिसत नाही. तारेनं स्प्रिंगले बांध त्याले. आत्ताच.

वरूडकर, दुपारी २.३५

नेरकर, काही तापवू नका. एकच बघून सांगा: पिनीला पाना लावला तर ती जागच्या जागी गोल फिरते का?

गंजलेली पिन फिरतही नाही आणि सरकतही नाही. फिरते पण सरकत नाही, तर दुखणं वेगळं.

मोर्शीकर दादा, तापवायचंच झालं तर आधी पिनांवरच्या रबरी टोप्या काढाव्या लागतात, आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर आग दाखवूच नये. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं द्रावक असतं, तापलं की विषारी वायू होतो. तो उल्लेख तुमच्या मेलमध्ये हवा होता.

नेरकर, दुपारी ३.००

फळी दिली, कॅलिपर बांधला. पुसदकर काका, धन्यवाद.

ताई, फिरते. जड फिरते, पाव वेढा दोन्हीकडे, आणि सोडली की रबर पिळल्यासारखी थोडी परत येते.

वरूडकर, दुपारी ३.१५

मग गंज नाही, रबर फुगलंय. दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला खाच असते आणि त्या खाचेत रबराची छोटी नळी बसवलेली असते, पिन खडखडू नये म्हणून. हे रबर ब्रेक ऑइलला जमणारं असतं, पेट्रोलियमच्या तेलाला नाही. मागच्या कामात कुणीतरी डब्यातलं साधं पिवळं ग्रीस भरलंय. त्यातलं तेल रबराने शोषलं, रबर जाड झालं, भोकात आवळून बसलं. वरच्या पिनीला रबर नाही म्हणून ती मोकळी आहे.

काढायची अशी: पिनीच्या डोक्याला पातळ फिक्स पाना लावा, डावी-उजवी फिरवत राहा आणि फिरवतानाच बाहेर ओढा. एका दमात नाही, दर खेपेला एक-दोन मिलिमीटर. टोपी फाटली तर फाटू द्या, ती बदलायचीच आहे. आत रॉकेल, डिझेल, गंज सोडवायचा स्प्रे काही सोडू नका. सगळ्यांनी रबर अजून फुगतं.

मोर्शीकर, दुपारी ३.३०

व्हील बेअरिंगचं ग्रीस सगळे गॅरेजवाले लावतात. ते उष्णता झेलतं. ग्रीसमुळे पिन जाम होते हे पटत नाही.

वरूडकर, दुपारी ३.४०

उष्णता ते झेलतं, वाद त्याचा नाहीच. वाद रबराचा आहे. लोखंड-लोखंडात फिरणाऱ्या बेअरिंगला ते उत्तम. इथे सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लागतं.

आर्वीकर, दुपारी ४.००

ग्रीस मिळालं नाही तर एरंडेल लावावं. पूर्वी ब्रेक ऑइलच एरंडेलाचं असायचं, रबराला अपाय नाही.

पुसदकर, दुपारी ४.१०

आर्वीकर, पूर्वीच्या ब्रेक ऑइलात एरंडेल अन् स्पिरिट राहे हे खरं. पण ते नळीत राहे, हवेवर नाही. पिनीवर लावलेलं एरंडेल डिस्कच्या गरमीनं चिकट होते, त्याच्यावर धूळ बसते. आपल्या रस्त्याची धूळ तं पिठासारखी बारीक. दोन महिन्यांत पिन पुन्हा जाम. पूर्वीचं रबरही वेगळं होतं.

नेरकर, सायंकाळी ५.१०

निघाली! वीस मिनिटं लागली. टोकाचं रबर फुगून मऊ पडलंय, नखाने दाबलं तर ठसा राहतो. रबराखाली पिन चकचकीत आहे, गंजाचा ठिपका नाही. भोकात पिवळट काळा राडा होता, चिंधी काडीला गुंडाळून स्पिरिटने पुसला.

आता प्रश्न: नेरमध्ये हे रबर नाही. रबराशिवाय नुसती पिन घातली तर?

मोर्शीकर, सायंकाळी ५.२०

चालेल. बरेच जण कापून टाकतात. वरच्या पिनीला कुठे रबर आहे?

वरूडकर, सायंकाळी ५.३०

चालेल म्हणजे ब्रेक लागेल. पण त्या पिनीचं टोक मुद्दाम बारीक केलेलं असतं, रबर धरून मग ती भोकात नीट बसते. रबर काढलं की कॅलिपर तेवढा ढिला, खड्ड्यात खडखडतो आणि पॅड तिरपा झिजतो. गावातल्या गावात दोन दिवस ठीक. म्हाताऱ्या माणसांना घेऊन घाट उतरायला नाही. कॅलिपर पिन किट मागा. दोन पिना, टोप्या, रबर आणि बहुतेक ग्रीसची पुडीही एकत्र मिळते. यवतमाळ किंवा अमरावतीला मिळेल, सकाळच्या एसटीने कुणाच्या तरी हाती मागवा.

सचिव, सायंकाळी ५.४५

विनंती: हा धागा कोजागरीच्या वर्गणीच्या मेलखाली सुरू झाला होता, मी वेगळा केला आहे. वर्गणीची उत्तरं कृपया तिकडेच द्या. तीन जणांची या धाग्यात आली आहेत.

पुसदकर, सायंकाळी ६.००

सचिव साहेब, वर्गणी उद्या देतो. लेकरू गाडीखाली हाये, हे आज संपू द्या.

नेरकर, झाकणाखालचं ब्रेक ऑइल कधी बदललं? पिस्टन दाबला तवा ऑइल वर आलं असंल, डब्यावरच्या मॅक्सच्या खुणेवर असंल तर इंजेक्शनच्या सिरिंजनं काढ. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मार, रंग उचलते ते.

नेरकर, सायंकाळी ६.१५

किट मागवली, उद्या नऊच्या गाडीने येते. ऑइल तीन वर्षांत बदललेलं नाही. रंग चहासारखा. झाकणावर डॉट ३ (ऑइलचा प्रकार) लिहिलंय.

पुसदकर, सायंकाळी ६.२५

बदलून टाक. हे ऑइल हवेतलं पाणी पिते. नवं डॉट ३ किमान २०५ अंशाले उकळते, पाणी पिलेलं १४० पर्यंत खाली येऊ शकते. चिखलदऱ्याहून परतवाड्याले उतरताना पाय ब्रेकवरच राहिला तं कॅलिपर तापते, ऑइलात वाफ होते, अन् पेडल नुसतं खाली जाते. डॉट ४ टाकलं तरी चालते, त्याचं नवं २३०. डॉट ५ नोको, ते सिलिकॉनचं, ह्याच्यात मिसळत नाही. अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली आण, उघडी असलेली घेऊ नोको. कॅलिपरवरच्या ऑइल काढायच्या निपलाले पारदर्शक नळी लाव, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडव, एक जण पेडल दाबंल, एक जण निपल खोलंल. पेडल वर यायच्या आधी निपल बंद. डबा रिकामा होऊ देऊ नोको, हवा गेली तं पुन्हा पहिल्यापासून.

मोर्शीकर, सायंकाळी ६.३५

याला मात्र माझं पूर्ण अनुमोदन. आणि उतरताना दुसरा गिअर, पायावर नाही.

नेरकर, शनिवार, सकाळी ११.२०

किट आली. जुनी पिन आणि नवी शेजारी धरली: जुन्यावरचं रबर नव्याच्या जवळजवळ दीडपट जाड. नवी पिन घातली तर पूर्ण आत जात नाही, दाबून सोडली की सेंटीमीटरभर बाहेर येते. पुन्हा जाम?

वरूडकर, सकाळी ११.३०

ग्रीस जास्त झालंय, मागे हवा कोंडली. पिन काढा, पुसा, बोटाने पातळ थर द्या, चमक दिसेल एवढाच. आत घालताना टोपीची कड नखाने उचलून धरा, फुस्स आवाज आला की सोडा. रबरवाली पिन खालीच जाईल, जुनी होती तिथे.

क्लिपांखालचा गंज तारेच्या ब्रशने घासा, नाहीतर नवा पॅड खोबणीत अडकतो. पॅड हाताने सरकला पाहिजे, ठोकावा लागला तर अजून घासा. शिट्टीची पत्ती (पॅड संपत आला की डिस्कला घासून वाजते ती) असलेला पॅड आत, पिस्टनच्या बाजूला. मटेरियलला ग्रीसचं बोट लागू देऊ नका. पिनीच्या बोल्टला लहान पाना आणि मनगटाचा जोर, ब्रॅकेटच्या बोल्टला दंडाचा. उलटं झालं तर पिनीचा बोल्ट तुटतो.

उजवी बाजूही आजच. पॅड जोडीनेच बदलायचे. आणि गाडी चालू करायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेत, पहिली तीन-चार दाबणी हवेत जातात. अंगणातून विहिरीकडे उतार आहे तुमच्या.

नेरकर, शनिवार, सायंकाळी ५.५०

दोन्ही बाजू झाल्या. उजवीकडच्या दोन्ही पिना मोकळ्या होत्या, तिकडे आत-बाहेर पॅड सारखेच झिजलेले, तरी पुसून नवं ग्रीस दिलं. ऑइल चारही चाकांतून बदललं. पेडल वर आणि कडक. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून अमरावती रस्त्यावर ब्रेक लावून वेग ताशी साठवरून पंधरावर असं दहा वेळा केलं, मध्ये थांबलो नाही, शेवटी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक न लावता थंड केली. जळका वास पहिल्या पाच वेळा आला, मग गेला.

वरूडकर, सायंकाळी ६.०५

वास येतोच. उद्या घाट चढायच्या आधी परतवाड्याला थांबा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. डिस्कला हात लावू नका. डावं चाक जास्त गरम वाटलं तर पिन अजून अडकते आहे, तिथूनच परत फिरा.

नेरकर, रविवार, सकाळी १०.४५

परतवाडा. दोन्ही सारखी कोमट. निघतोय वर.