माळावर खणलेले ६० खड्डे

रोपवाला:
आमच्या शेवटच्या इमारतीपलीकडे मोकळं माळरान आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही मंडळींनी वर्गणी काढून पावसाआधी तिथे ६० खड्डे खणले. काल मेंढ्या चारणारे बाबा म्हणाले, "साहेब, झाडं लावून माळ मारू नका." मी वाद घातला, झाडं कुणाला नको असतात म्हटलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे का?

कुसळ:
बाबांचं बरोबर आहे. टिटवी, चंडोल, धाविक हे माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. अंड्यांचा मातीखड्यांसारखा रंग, एवढाच काय तो आडोसा. मधे झाड उभं राहिलं की कावळ्याला टेहळणीचा बुरूज मिळाला! शिवाय माळाची गवतं उन्हाची. सावलीत ती हटतात. कार्बनचं म्हणाल तर गवताचा बहुतेक साठा मुळांत आणि मातीत असतो, वणव्यातही तो बराचसा शाबूत राहतो. कागदोपत्री मात्र 'पडीक'. त्या एका शब्दाने माळाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं मेंढ्यांनी नाही केलं.

हिशोबी:
झाडं नसली की प्लॉट पडणारच. झाडं निदान जागा तरी अडवतात.

कुसळ:
भीती खरी आहे. पण झाडांनी अडवलेली जागा माळ राहत नाही, बाग होते. नुसत्या आश्वासनावरही विसंबू नका. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पश्चिमेला १५,००० हेक्टर गवताळ राखीव क्षेत्र २०२० पर्यंत विकत घेऊ, असं तिथल्या व्हिक्टोरिया राज्य सरकारने २०१० मध्ये कबूल केलं. त्या बदल्यात शहरवाढीच्या हद्दीतलं गवत काढायची मुभा. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी तपासलं तर जेमतेम १० टक्के जमीन ताब्यात, आणि उरलेल्या जमिनीत तण माजतंय. म्हणून मागायचं ते एवढंच: आधी राखीव जागा ताब्यात, मगच बांधकामाला परवानगी.

रोपवाला:
रोपं रस्त्याकडेला लावतो. खड्ड्यांचं काय करू?

कुसळ:
तीच माती परत भरा, खालची खाली, वरची वर. बाहेरची नको, तिच्यासोबत गाजरगवत येतं. शेजारचं गवत पिकलं की त्याचं बी तिथेच झटका. चराई बंद करू नका, फक्त बी पडेपर्यंत तेवढा तुकडा सोडायला बाबांना सांगा. सांगा नाही, विचारा.